तेराशे रुपयांचा कागद

२०२५ची २६ जानेवारी रविवारी आली आणि एक हक्काची सुट्टी बुडाली. त्या रागात मी कपाट आवरायला काढलं. ऑफिसला घालायचे उन्हाळी कपडे एका बाजूला ठेवले, तर त्यातले तीन ड्रेस खांद्यावरून उतरणारे आणि दोन छातीवर बटणं ताणणारे निघाले. माझी उंची पाच फूट एक इंच, छाती अडतीस. तयार कपड्यांच्या दुकानात माझ्या मापाचं माणूस जन्मालाच आलेलं नाही. म्हणून ठरवलं, या उन्हाळ्यात एक ड्रेस स्वतः शिवायचा, आणि तोही छापील पॅटर्नवरून, म्हणजे कापड कापायच्या तयार कागदी नमुन्यावरून.

शिवण मला अगदीच येत नव्हतं असं नाही. उशांचे अभ्रे, लेकीचे परकर, आणि जुना कुर्ता कापडावर ठेवून भोवती खडू फिरवून केलेले चार-पाच कुर्ते, एवढी माझी विद्या. घरात खऱ्या शिवणाऱ्या सासूबाई. त्यांची उषाची काळी पायमशीन अजून चालते आणि त्यांच्या ट्रंकेत खाकी कागदाच्या कापलेल्या नमुन्यांचा एक गठ्ठा आहे, नाड्याने बांधलेला. प्रत्येक कागदावर निळ्या शाईने नाव आणि माप. ‘माई, ३६, कटोरी.’ ‘बाळ्या, मुंज, झब्बा.’ त्यांनी तरुणपणी शिवण क्लास केला तेव्हा सगळं सूत्रावर चालायचं. छातीचा चौथा भाग अधिक अमुक, सहावा भाग वजा तमुक. मी पॅटर्न विकत घेणार म्हटल्यावर त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

“कापड विकत घेतात हे माहीत होतं. कागद पण?”

त्यांना सांगितलं की हा धंदा जुना आहे. अमेरिकेत एबेनेझर बटरिक नावाच्या शिंप्याने १८६३ मध्ये वेगवेगळ्या मापांचे कागदी नमुने विकायला सुरुवात केली. “म्हणजे तिकडच्या बायकांना सूत्र येत नव्हतं,” एवढंच म्हणून त्या वाटाण्याच्या शेंगा सोलायला लागल्या.

या परदेशी पॅटर्नांचं ऋतुमान पाळलं जातं, पण ते तिकडचं. फेब्रुवारी-मार्चमध्ये उन्हाळी संग्रह येतो, म्हणजे आपल्याकडे कापड धुऊन-वाळवून कापायला घ्यायची वेळ. शरदाचा संग्रह येतो तेव्हा आपल्याकडे गणपती असतात, आणि त्यात लोकरीचे कोट. बरं, उन्हाळी म्हणजे तरी काय? मी पाहिलेल्या एका ‘कडक उन्हाळ्यासाठीच्या’ ड्रेसच्या फोटोत मॉडेलने वरून स्वेटर घातला होता. डोंबिवलीच्या एप्रिलमध्ये मी साधी ओढणीसुद्धा घेत नाही.

फेब्रुवारीचे पहिले दोन आठवडे निवडण्यात गेले. शेवटी तीन पॅटर्न उरले. ही निवड मला सगळ्यात अवघड गेली, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर.

पहिला होता तीन थरांच्या झालरींचा ड्रेस. नवा कोरा, आणि पहिल्या आठवड्यापुरती सवलत. फोटो बघून जीव अडकला. मग फोटो झाकून नुसतं रेखाचित्र बघितलं. ही युक्ती लक्षात ठेवा. फोटोत वारा असतो, समुद्र असतो, मॉडेलची उंची असते. रेखाचित्रात फक्त शिवणी असतात. तिथे दिसलं की खालचे तिन्ही थर म्हणजे निव्वळ आयत आहेत, चुण्या घालून एकमेकांना जोडलेले. वरचा भाग तेवढा कापायचा. आयत कापायला बाराशे रुपये कोण देतं? शिवाय चुण्यांमुळे कापड लागणार साडेचार मीटर.

दुसरा एकावर एक ओढून बाजूला बांधायचा, म्हणजे आपला अंगरखाच. दिसायला सुरेख, शिवायला त्यातल्या त्यात सोपा, बटण नाही, चेन नाही. पण ८:१२च्या लोकलमध्ये दारातल्या वाऱ्यात मी तो एका हाताने धरून आणि दुसऱ्या हाताने कडी पकडून उभी आहे, हे चित्र डोळ्यांसमोर आलं आणि तो बाद झाला.

तिसरा आदल्या वर्षीच्या उन्हाळी संग्रहातला. पुढे वरपासून खालपर्यंत बटणं, उघडी कॉलर, कोपराच्या वर संपणारी बाही, कमरेला शिवण, खाली थोड्या चुण्या आणि दोन्ही बाजूंच्या शिवणीत खिसे. नवा नसल्यामुळे सवलत शून्य. पण तो वर्षभर बाजारात असल्याने निरनिराळ्या अंगकाठीच्या बायकांनी शिवून घातलेले भरपूर फोटो बघायला मिळाले. नव्या पॅटर्नचे सुरुवातीला दिसतात ते बहुतेक टेस्टरचे, म्हणजे पॅटर्न आधी शिवून बघणाऱ्या बायकांचे फोटो, ज्यांना पॅटर्न फुकट मिळालेला असतो. त्या खोटं बोलतात असं मी म्हणत नाही, पण फुकटच्या जेवणाला कोणी अळणी म्हणत नाही. आदल्या वर्षीच्या या ड्रेसबद्दल मात्र पैसे मोजलेल्या तिघींनी लिहिलं होतं की कंबर खाली येते. हे मला आधीच कळलं, हा फायदा सवलतीपेक्षा मोठा ठरला.

निवडताना आणखी दोन गोष्टी बघायच्या. एक, तयार कपड्याची मापं. अंगाची मापं आणि तयार कपड्याची मापं यांतला फरक म्हणजे आपले टेलर ज्याला ‘लूज’ म्हणतात तो. या ड्रेसला छातीवर बारा सेंटिमीटर लूज होता. घामाच्या हवेत हे बरं. दुसरी गोष्ट पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी. कापड किती लागेल हे दोन पन्ह्यांसाठी दिलेलं असतं, १४० आणि ११५ सेंटिमीटर. आपलं सुती छापील कापड बहुतेक चव्वेचाळीस इंच पन्ह्याचं, म्हणजे ११२च्या आसपास, त्यामुळे आपल्याला दुसरा आकडा बघायचा आणि वर थोडं जास्तच धरायचं. खणाचा ड्रेस करायचा विचार असेल तर दोन्ही आकडे विसरा, त्याचा पन्हा फारच अरुंद.

१६ फेब्रुवारीला पैसे भरले. म्हणजे भरायला घेतले. कार्ड दोनदा नाकारलं गेलं. मला वाटलं साईट खोटी आहे. मग लक्षात आलं की आपल्या कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंद ठेवलेले असतात, बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते स्वतः चालू करावे लागतात. चालू केले, मर्यादा दोन हजार टाकली, ओटीपी आला, काम झाल्यावर पुन्हा बंद केले. किंमत १२ पौंड. रुपयांत १,३०२ होतील असं मी धरलं होतं, खात्यातून गेले १,३५६. बँकेचा साडेतीन टक्के परकीय चलनाचा आकार आणि त्या आकारावर अठरा टक्के जीएसटी. कागदी पाकीट मागवायचं मी आधीच रद्द केलं होतं. त्याचं टपाल जवळपास पॅटर्नइतकंच पडत होतं, आणि मागे एकदा परदेशातून पुस्तक मागवलं तेव्हा कुरियरवाल्यांना आधार-पॅन पाठवण्यात आठवडा गेला होता.

पीडीएफ मिळाली. ३६ पानं ए-फोर आकाराची, ती चिकटपट्टीने जोडायची. स्टेशनजवळच्या एका झेरॉक्सवाल्याकडे पानाला ३ रुपयांनी १०८ रुपये देऊन छापून आणली. घरी येऊन पहिल्या पानावरचा दहा सेंटिमीटरचा चाचणीचा चौकोन मोजला तर नऊ पूर्णांक सहा. त्याच्या कॉम्प्युटरवर ‘फिट टू पेज’ चालू राहिलं होतं. चार मिलिमीटर म्हणजे काही नाही वाटतं, पण शंभर सेंटिमीटरच्या घेरात ते चार सेंटिमीटर होतात, आणि ड्रेस छातीत अडकतो. चूक त्याची जेवढी तेवढीच माझी. पहिलं पान काढून, तिथेच उभं राहून, पट्टीने मोजून मग बाकीची काढायला सांगायची असतात.

दुसऱ्या वेळी शहाणपण सुचलं. त्याच फोल्डरमध्ये ए-झिरो आकाराची फाईलही होती. आर्किटेक्ट लोकांचे नकाशे छापून देणारं दुकान ऑफिसजवळ फोर्टात सापडलं. दोन मोठे कागद, ९० रुपयांना एक, जोडाजोडी नाही, चौकोन बरोबर दहाचा. छापण्यापूर्वी फाईलमधले फार लहान आणि फार मोठ्या मापांचे थर बंद करून घेतले, नाहीतर सगळ्या मापांच्या रेघा एकमेकींत गुंततात आणि मुंड्यापाशी आपली रेघ कुठली ते समजत नाही.

आता माप निवडायचं. छाती अडतीस इंच म्हणजे ९७ सेंटिमीटर, म्हणून तक्त्यात १६ नंबर येत होता. मी सोळाच काढला.

१ मार्चला, शनिवारी, मंगलदास मार्केटला गेले. रविवारी ते बंद असतं. पास सीएसएमटीपर्यंतचा आहेच. मांजरपाट ७० रुपये मीटरने तीन मीटर घेतला, चाचणीसाठी. ड्रेससाठी पातळ सुती, विटकरी रंगावर पांढऱ्या कोयऱ्यांचं ठशाचं छापकाम, १९० रुपयांनी साडेतीन मीटर. पॅटर्नवर तीन मीटर दहा लिहिलं होतं. कापड हातात मुठीत धरून दहा सेकंद आवळलं आणि सोडलं. सुरकुत्या राहिल्या, पण मऊ. लिनन सुंदर होतं, साडेपाचशे रुपये मीटर. पहिल्या प्रयत्नाला लिनन कापायची माझी छाती नव्हती.

८ मार्चला मांजरपाटाचा ड्रेस उभा केला, म्हणजे फक्त वरचा भाग, कॉलर आणि खालचा घेर न लावता, मोठ्या टाक्यांची टीप मारून. तो अंगात घालून कपाटाच्या आरशासमोर उभी राहिले. सासूबाई हातात टाचण्यांची डबी घेऊन मागे.

“हात खाली सोड. पोट आत घेऊ नकोस, गाडीत कुठे घेतेस?”

त्यांनी आधी काहीच टोचलं नाही. नुसतं मागून पुढून फिरून बघितलं. मग दोन बोटं खांद्याच्या शिवणीवर ठेवली. शिवण खांद्याच्या हाडाच्या दीड बोट पुढे, दंडावर उतरली होती. गळा पुढे वाकलं की उघडा पडत होता. पाठीत कमरेच्या वर आडवा झोळ. आणि छातीवर मात्र सगळं ठीक.

“तुझी छाती अडतीस आहे, पण खांदा चौतीसचा आहे. अप्पर चेस्ट घेतलीस का?”

नव्हती घेतली. ब्लाऊज शिवायला टाकताना टेलर काखेतून वरून जे माप घेतो ते. घेतलं तर साडेपस्तीस निघालं. म्हणजे छातीत आणि त्यात अडीच इंचांचा फरक. पॅटर्न काढणारे एक ठरावीक फरक धरून नमुना आखतात, माझा त्यांच्यापेक्षा जास्त होता. अशा वेळी वरच्या मापाप्रमाणे नंबर घ्यायचा, म्हणजे माझ्यासाठी चौदा, आणि छातीपुरतं कापड वाढवायचं. पुढच्या भागाचा कागद टक्सच्या, म्हणजे छातीशी चिमटून घातलेल्या शिवणीच्या, टोकापर्यंत कापून अडीच सेंटिमीटर उघडला, खाली दुसरा कागद चिकटवला. अर्ध्या भागात अडीच म्हणजे दोन्ही मिळून पाच. टक्स आपोआप खोल झाला. वर्षानुवर्षं कटोरी कापणाऱ्या बाईला यात नवं काही नव्हतं. त्यांनी फक्त विचारलं, “हे त्या कागदावर का नाही लिहिलेलं?” लिहिलेलं होतं, सूचनांच्या सतराव्या पानावर. मी वाचलं नव्हतं.

पाठीतला झोळ उंचीचा. पुष्कळ परदेशी पॅटर्न १६५ ते १६८ सेंटिमीटर उंची धरून काढतात, मी १५५. कागदावर ‘इथे कमी-जास्त करा’ अशी रेघ असते, तिथे तीन सेंटिमीटरची घडी घातली. ही रेघ सोडून नुसतं खालून कापलंत तर ड्रेसची उंची कमी होते, पण कंबर खालीच राहते. त्या तिघींचं हेच झालं असावं.

१४ मार्चला, धुळवडीच्या दिवशी, खाली सोसायटीत रंग चालू असताना दुसरा मांजरपाट शिवला. खांदा जागेवर बसला. गळा थोडा उघडा होता, तो पुढच्या कडेला अर्धा सेंटिमीटर आत घेऊन मिटला. दोन मांजरपाट म्हणजे कंटाळवाणं काम, खोटं कशाला सांगू. मधल्या दोन संध्याकाळी मी मशीनला हातही लावला नाही.

ड्रेसचं कापड रात्रभर मिठाच्या पाण्यात भिजवलं. पाणी चहासारखं झालं. वाळवून, इस्त्री करून मोजलं तर साडेतीन मीटरचं बारा सेंटिमीटर आटलं होतं. आधी शिवून मग धुतलं असतं तर त्याच प्रमाणात ड्रेस माझ्या गुडघ्यावर चढला असता.

२३ मार्चला कापायला बसले आणि दिवसातली सगळ्यात मोठी चूक पहिल्या तासात केली. जागा वाचावी म्हणून कापड किनारीला किनार न लावता आडवं, टोकाला टोक लावून दुमडलं. कोयऱ्यांची शेंडी एका दिशेला होती. त्यामुळे घेराच्या पुढच्या दोन भागांपैकी डाव्यावर कोयऱ्या उभ्या आणि उजव्यावर डोकं खाली. मधोमध बटणांच्या पट्टीपाशी दोन्ही शेजारी येणार. मी ते दोन तुकडे जमिनीवर ठेवून बराच वेळ बघत बसले. सासूबाई आल्या, बघितलं, आणि पहिल्यांदाच काही बोलल्या नाहीत. मग चहा आणून दिला.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मंगलदासला धावत गेले. थान अजून होतं. एक मीटर, १९० रुपये. तेही भिजवून वाळवून मग कापलं. उलट्या कोयऱ्यांच्या भागातून खिशांच्या आतल्या पिशव्या आणि उरेब, म्हणजे तिरकी कापलेली, पट्टी निघाली. एका दिशेचं छापकाम असेल तर अर्धा-पाऊण मीटर जास्त घ्या, आणि दुमडण्याआधी खडूने उलट्या बाजूवर बाण काढा.

एक गोष्ट मी पॅटर्नचं न ऐकता केली. शिवणीसाठी त्यांनी सगळीकडे दीड सेंटिमीटर धरला होता. बाजूच्या शिवणींना मी एक इंच माया सोडली. आपल्याकडे कपडा वाढत्या अंगाचा असतो, वाढतं वयाने असो वा दिवाळीने. पुढच्या वर्षी उसवून घेता येतो. तिकडे कपडा बदलतात, इकडे शिवण सरकवतात.

शिवण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, सूचना चित्रांसकट होत्या. कॉलर दोनदा उसवली. कॉलर ताठ राहण्यासाठी आतून चिकटवायचं फ्युजिंग अर्धा मीटर ४५ रुपये, बटणं डझन ६०, दोरा ४०. काजांना मात्र घाबरून होते. नऊ काजं, आणि माझ्या मशीनवर चार टप्प्यांत करावी लागतात. उरलेल्या कापडावर आधी सहा करून बघितली. खरी नऊही बरी झाली, पण काप देताना पहिल्याच काजाचं टोक पुढे फाटलं. मग सासूबाईंनी दाखवलं, काजाच्या शेवटी आडवी टाचणी खोचायची आणि मधून टोकाकडे कापायचं. टाचणीला कातर अडते, पुढे जातच नाही. फाटलेल्यावर हाताने काजटाका घातला, तो सगळ्यात वरचा, कॉलरखाली झाकला जातो.

१२ एप्रिलला ड्रेस पूर्ण झाला. खर्च मोजला तर वाया गेलेल्या छपाईसकट २,८५४ रुपये, आणि वेळ एकतीस तास. गल्लीतला टेलर शिलाईचे सहाशे घेतो. स्वस्त पडेल या आशेने कोणी यात पडू नये. पण पॅटर्न आता माझ्या अंगाचा झाला आहे, दुसऱ्या ड्रेसला कापडाचे आणि दोऱ्या-बटणांचेच पैसे, आणि मांजरपाटाची कटकट नाही.

१५ एप्रिलला तो घालून ऑफिसला गेले. गाडीत बटणं ताणली नाहीत, खांदा जागेवर राहिला, खिशात मोबाईल मावला. कोणाच्या काही लक्षात आलं नाही, म्हणजे विकतचा वाटला. मे महिन्यात आठवड्यातून दोनदा घातला. त्या वर्षी २६ मेलाच मुंबईत मान्सून येऊन ठेपला आणि सुती ड्रेस दोरीवर दोन दोन दिवस वाळेना, तेव्हा त्याचा मुक्काम कपाटात हलला.

त्याच सुमाराला मी तो ठिगळं लावलेला, घडी घातलेला, चिकटपट्टीचा कागद आवरायला घेतला, तर तो जागेवर नव्हता. सासूबाईंनी त्यावरून खाकी कागदावर स्वच्छ नमुना उतरवून घेतला होता. ट्रंक उघडून बघितलं. नाड्याच्या गठ्ठ्यात सगळ्यात वर, निळ्या शाईत: ‘सूनबाई, ३८, खांदा ३४, कॉलरचा. कोयरी बघून कापणे.’